खांबाचे तीन ठोके

मले काही विचारू नका. विचारलं तं आयकू येत नाई, अन् ओरडून विचारलं तं माहं डोकं सनकते. घरात सुना दिवसभर ओरडतात तेवढं पुरे हाय. तुमी बसा, मी बोलतो. मी जानराव. अकोल्याच्या एका जिनात सतरा सीझन काढले, त्यातले चौदा मुकादम म्हनून. जिनाचं नाव सांगत नाई. शेठ मेला, पन त्याचे पोरं हायेत, उगाच कटकट नाई पायजे.

देवमनचं सांगायचं हाय. तो आमचा आइलमन. जीन म्हंजे कापसातून सरकी येगळी करायचा कारखाना. वर चाळीस रेचे, म्हंजे सरकी काढायच्या मशिनी, वीस इकडं, वीस तिकडं. एकेका रेच्यावर एकेक बाई कापूस टाके. खाली गल्लीत दोन लांबच लांब शाफ्ट फिरत, त्याईवरून पट्टे वर जात, अन् मंग रेचे चालत. त्या गल्लीत वाकून वाकून फिरायचं, बेरिंगाईले तेल पाजायचं, हे आइलमनचं काम. धोतराचा सोगा अडकला तरी मानूस संपला.

अन् देवमन जन्माचा बहिरा. बोलताही येत नव्हतं.

तोंड वाकडं करू नका. आमच्या जिनात सारेच बहिरे होते बाप्पा! चाळीस रेचे अन् वर इंजिन. कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी काही समजे नाई. मंग सारे हातानं बोलत. मिशीले पीळ देला म्हंजे मी. पोटावर हात फिरवला म्हंजे शेठ. छातीवर पंजा ठेवला म्हंजे देवमन. रुईच्या किती गठानी बांधून झाल्या ते बोटावर, कोनाची बायको भांडून माहेरी गेली तेही बोटावर. अन् यात साऱ्याईचा उस्ताद देवमन. त्याचे हात एक घडी चुप बसत नव्हते, अन् समोरून तोंड दिसलं तं ओठावरूनही तो समजून घे. नव्या आलेल्या बायाईले दोन दोन महिने पत्ता लागे नाई का हा मानूस बहिरा हाय. त्याईले वाटे, हा जरा जास्त बडबड्या हाय.

तो बेरिंगावर पंजा ठेवे अन् सांगे, हे उद्या तापन. उद्या ते तापेच. मोठा मिस्त्री नागपूरहून यायचा, तोही आधी देवमनले विचारे.

आता एक नीट ध्यानात घ्या, यावरच सारं हाय. एका बाजूचा शाफ्ट थांबवून आइलमन खाली उतरे, तवा दुसऱ्या बाजूचे वीस रेचे चालूच राहत. सरकारी कायद्यानं तठी एक पितयेची घंटा टांगली होती. शाफ्ट चालू करायच्या आधी ती वाजवायची. त्या गोंगाटात ती घंटा कोनाच्या बापाले आयकू येनार? म्हनून आमी आमची रीत काढली होती. वरून खालपर्यंत सागाचा एक खांब होता. त्याच्यावर म्या लोखंडी दांड्यानं तीन ठोके मारायचे. ते खाली जमिनीतून पायाले लागत. देवमन बाहीर निघे अन् खालून एक ठोका देई. तो एक ठोका माह्या हाताले लागला का मंगच मी पट्टा सरकवून शाफ्ट चालू करे. नऊ वर्सात एक नख नाई गेलं कोनाचं.

आमचे लोक काही साधू नव्हते. सुरवातीले पोट्टे गंमत म्हनून खोटे तीन ठोके मारत. देवमन तेलाचा डबा टाकून धडपडत बाहीर ये, डोकं पट्ट्याच्या चाकाले आपटून ये, अन् सारे हासत. मीही हासलो. खोटं काहून सांगू? एकदा त्याचं कपाय फुटलं, तवा म्या एकाच्या कानाखाली वाजवली. तेवढीच माही माया.

तो नांदगाव खंडेश्वराकडचा. छप्पन साली मायले घेऊन नागपूरले गेला अन् दीक्षा घेऊन आला. त्याची बायको मनकर्णा आमच्याच रेच्यावर होती. मी कुनब्याचा. माह्या माठाले म्या त्याले कधी हात लावू देला नाई. तो आपला नयावर जाऊन ओंजयीनं पिये, अन् वापस आला का हातानं सांगे, पानी गोड हाय. माह्याकडं पाहून मुद्दाम सांगे. मले राग ये.

साठ साली एक गोष्ट झाली. सुट्टी होऊन आमी फाटकाबाहीर निघालो. मी रस्ता पार करून राहिलो होतो अन् मांगून ट्रक आला. भोंगा वाजवत आला म्हने, मले काही समजलं नाई. देवमननं माही कालर धरून अस्सं ओढलं का मी धुयीत पडलो. उठून त्याले शिवी द्यायले गेलो, तं तो माह्या कानाकडं पाहून राहिला. मंग त्यानं आपल्या कानाले बोट लावलं. मंग माह्या कानाकडं केलं. अन् ओठावर बोट ठेवून हासला. म्हंजे कोनाले सांगत नाई.

दोन वर्सापासून माहे कान जाऊन राहिले होते. समोरून बोललं तं समजे, पाठीमागून हाक मारली तं ढिम्म नाई. बायकोले मालूम नव्हतं, शेठले मालूम नव्हतं. मालूम झालं फक्त याले. त्या दिवसापासून तो मले सोबती समजे. कोनी पाठीमागून हाक मारली का तो लांबून मले इशारा करे, फिर, तुले बलावते. त्याच्यापायी माही मुकादमी टिकली. अन् मले तो डोयासमोर नको वाटे! उपकार करनारा मानूस फार जड जाते भाऊ, त्यातून ज्याले आपन माठाले हात लावू देत नाई, तो.

एकसष्टच्या सीझनले शेठनं कामगार कल्याण अधिकारी ठेवला. कायदाच तसा आला होता. आमी त्याले कल्यानसायेब म्हनो. पुन्याकडचा, पांढरा बुशशर्ट, मानूस वाईट नव्हता, हेच तं झालं. आल्या आल्या त्यानं साऱ्याईले जमवलं अन् सांगतलं, "अपंग सप्ताह साजरा करायचा आहे. आपल्या अपंग बांधवांना कामाच्या ठिकाणी सामावून घेणं ही आपली जबाबदारी आहे. आणि जिनातल्या आवाजानं कामगारांचे कान बिघडतात असं मी वाचलं आहे. एकेकाचे कान तपासून घ्यावेत असा विचार आहे."

कान तपासनार! रात्र... जाऊ द्या, त्या दिवशी जेवन गेलं नाई. दुसऱ्या दिवशी हापिसात जाऊन म्या म्हनलं, "सायेब, साऱ्याईले कशाले तरास? बहिरा आपल्याकडं एकच हाय. देवमन. त्याचाच सत्कार करा. म्याच त्याले काम शिकवलं."

सायेब खुर्चीतून उठला अन् त्यानं माहा हात हातात घेतला. "जानराव, तुमच्यासारखे मुकादम असते तर देशात एकही अपंग रिकामा राहिला नसता." मले बरं वाटलं. लाज वाटाले पायजे होती, पन बरं वाटलं, मंग काय करू?

सत्काराच्या दिवशी अंगनात मांडव घातला. पाहुना कोन, तं कारखान्याईची तपासनी करनारा सरकारी इन्स्पेक्टर. देवमनले नवा सदरा घातला, गयात हार, हातात नारेल, अन् छातीवर पुठ्ठ्याची पाटी: 'आमचा बहिरा बंधू'. त्याले वाचता येत नव्हतं. त्यानं इशाऱ्यानं मले विचारलं, काय लिवलं? म्या इशारा केला, लय चांगलं लिवलं. त्यानं पाटी सदऱ्याच्या बाहीनं पुसून घेतली. पहिल्या रांगेत मनकर्णा बसली होती, तिले वाचता ये. ती मान खाली घालून बसली.

भाषन झालं, टाया झाल्या. मंग चहा पेता पेता, देवमनकडं पाठ करून बसलेल्या इन्स्पेक्टरनं विचारलं, "हा नेमका कुठं काम करतो?"

"शाफ्टच्या गल्लीत," सायेब फुगून बोलला.

इन्स्पेक्टरनं कपबशी खाली ठेवली. "बहिरा माणूस चालत्या शाफ्टजवळ? घंटा कशी ऐकू येते याला?"

चाळीस बाया, वीस मानसं, साऱ्याईले मालूम का घंटा कोनालेच आयकू येत नाई. कल्यानसायेबानं माह्याकडं पायलं. म्या जमिनीकडं पायलं. खांबाचं सांगतलं असतं, तं पुढचा सवाल हाच येनार होता, मंग बाकीच्याईचे कान कसे हायेत? अन् बाकीच्याईत पहिला मी.

देवमन हारासकट उभा होता. साऱ्याईचे ओठ थांबलेले पाहून त्याले वाटलं, आता आपन बोलाव. त्यानं हातानं सांगतलं, आज लय आनंद झाला.

आठ दिवसात कागद आला. देवमनले गल्लीतून काढा, अन् शाफ्ट चालू करतानी फक्त घंटा वाजवा, दुसरी कोनतीच रीत नाई. कल्यानसायेब हयहयला बिचारा. त्यानं देवमनले फाटकाजोळ स्टूल देला, बिल्ले वाटाचं काम देलं, अन् डोक्यावर पाटी लावली: 'बहिरा कामगार आहे, सहकार्य करा.' लोकाईनं केलं सहकार्य. येता जाता त्याच्या डोक्यावर टपली मारत. जे पोट्टे जिनात त्याच्याशी घंटाघंटा हातानं बोलत, ते फाटकावर हात खिशात घालून जात. बाहीर आवाज नाई ना. बाहीर त्याईले तोंड होतं. तठी देवमन पहिल्यांदा बहिरा झाला.

तो बसल्या बसल्या स्टुलाच्या पायावर पंजा ठेवे. मी एक दिवस पायलं. जमिनीतून जिनाचा थरार त्याच्या हाताले लागत होता, अन् त्याचं तोंड कसंनुसं झालं होतं. मले पाहून त्यानं सांगतलं, चौथं बेरिंग तापून राहिलं. साठ पावलं दुरून! म्या मान फिरवली.

मनकर्णा माह्याकडं आली. "जानरावभाऊ, तुमी एक शबुद टाका ना सायेबाजोळ. खांब ठोकला का त्याले समजते, हे तुमाले मालूम हाय. नऊ साल तुमीच ठोकला. तो रातीले झोपेत हात हालवते, तेल घातल्यावानी. जेवत नाई."

"सरकारी कागद हाय बाई, माह्या हातात काय हाय?"

तिनं माह्याकडं पायलं. "तुमच्याच हातात तं हाय," म्हने, अन् गेली.

गल्लीत देवमनच्या जागी म्या सहदेवले लावलं. माह्या बायकोचा भाऊ. कान असे तिखट का भिंतीपलीकडचं आयके. कल्यानसायेब खूश. खांब ठोकायचा बंद केला म्या, कागदात तसं लिवलं होतं, अन् सायेब रोज पाहाले ये. जानेवारीत एक दिवस चौथं बेरिंग तापलं म्हनून तिकडचा शाफ्ट थांबवला. सहदेव खाली उतरला. म्या घंटा वाजवली. चांगली दहादा वाजवली. अन् पट्टा सरकवला.

किंकायी कोनालेच आयकू आली नाई. रुईवर लाल पडलं तवा एका बाईनं हात वर केले. सहदेवचा उजवा हात कोपरापासून गेला.

घरी बायकोनं माह्या नावानं छाती पिटली. ते सोडा. इन्स्पेक्टर परत आला अन् म्हने, चांगल्या कानाच्या मानसाले घंटा आयकू आली नाई, म्हंजे एकतं त्याचे कान खराब, नाईतं वाजवनाऱ्याले वाजवल्याचं समजत नसन. साऱ्याईचे कान तपासा. मुकादमापासून सुरवात.

डाक्टर आला. अंगनात चुन्याची रेघ मारली. मी फाटकाकडं तोंड करून उभा, डाक्टर माह्या पाठीमागं दहा हात, हातात कागद. तो हलके आकडा बोलन, म्या तो सांगायचा. चुकला तं आजच हिशेब घेऊन घरी. घरी तीन पोरं, अन् आता थोटा सहदेव. डाक्टरनं सुरू केलं असन, मले काय मालूम? मले निरी शांतता आयकू येत होती.

अन् समोर स्टुलावर देवमन होता.

तो माह्याकडं नाई, माह्या खांद्यावरून डाक्टरच्या तोंडाकडं पाहून राहिला होता. त्याचा हात मांडीवर होता. त्यानं चार बोटं उघडली, मिटली, मंग दोन.

"बेचाळीस," म्या म्हनलं.

परत बोटं.

"सतरा."

"ऐंशी."

"त्रेसष्ट."

जिनात गठानी मोजत तसंच. त्याच्या डोयात हासू होतं. ज्या मानसानं त्याले मांडवात उभं केलं, गल्लीतून काढलं, स्टुलावर बसवलं, त्याले तो नोकरी देऊन राहिला होता, अन् त्याले मजा वाटत होती, जुन्या दोस्ताशी बोलाले भेटलं म्हनून. दहा आकडे झाले. दहाच्या दहा बरोबर.

डाक्टर पुढं आला, माह्या खांद्यावर हात ठेवला, काही चांगलं बोलला. मंग त्यानं मान वर केली. देवमनचा हात आता मांडीवरून वर आला होता, शेवटचा आकडा दाखवत. डाक्टरच्या कपायावर आठी पडली. तो कल्यानसायेबाकडं फिरला, मंग माह्याकडं, तोंडासमोर तोंड आनून विचारलं, "तो माणूस तुम्हाला हातानं काय सांगत होता?"

हे मले साफ समजलं. 

अन् म्या सांगतलं. कोनी जबरदस्ती केली नाई. मोठ्या आवाजात सांगतलं, देवमनकडं तोंड करून, बोट दाखवून. "तो? तो येडा हाय सायेब. बहिरा तं हायच, आता डोक्यानंही गेला. दिवसभर हात हालवते. बायाईकडं पाहूनही हालवते. त्याले इथून काढा, नाईतं एखाद्या दिवशी काही करून ठेवन."

मी विसरलो नव्हतो, भाऊ. लोक म्हनतात, घाबरल्यावर मानूस विसरते. म्या त्याच्यापायीच दहा आकडे सांगतले होते. तो ओठ वाचते हे मले त्या घडीले जितकं मालूम होतं, तितकं कधीच नव्हतं.

देवमननं सारं वाचलं. येडा वाचलं, बायाईचं वाचलं, काढा वाचलं. त्याचा हात हवेतच होता. तो त्यानं हयूहयू खाली आनला अन् मांडीवर ठेवला, मंग दुसरा हात त्याच्यावर ठेवला. कल्यानसायेब म्हने, "अरेरे, मानसिक परिणाम झाला वाटतं." त्याच दिवशी त्याले काढलं. मनकर्णा रेच्यावरून उठली अन् त्याच्या मांगं गेली. तिनं माह्याकडं पायलंही नाई. पुढच्या सालच्या अपंग सप्ताहात त्याच स्टुलावर सहदेव बसला, गयात हार घालून.

माही मुकादमी पाच सीझन टिकली. मंग दोन्ही कान साफ गेले अन् मलेही काढलं. इशारा करनारं कोनी नव्हतं ना. आता घरात मी खाटेवर बसतो. पोरं माह्यासमोर बोलतात, हासतात, माह्याकडं बोट दाखवतात. म्या हातानं विचारलं, काय म्हनता, तं नातवंडं नक्कल करतात. साऱ्या अकोल्यात हातानं बोलनारं मानूस मले भेटलं नाई. जीनवाले जुने भेटतात, पन ते भरल्या बाजारात हात हालवत नाई. लाज वाटते त्याईले.

गेल्या साली पत्ता लागला, देवमन वरूडले हाय, संत्र्याच्या पेट्या ठोकते. मी एस.टी.नं गेलो. कोनाले सांगतलं नाई. माफी बीफी मागायले नाई, खरं सांगतो. मले फक्त बोलायचं होतं. सात महिन्यात मी कोनाशी बोललो नव्हतो.

मोठं आवार होतं, ट्रक उभे होते. तो उकिडवा बसून खिये ठोकत होता. त्याच्यासमोर चार मानसं पेट्या भरत होते अन् चौघंही हातानं बोलत होते! त्यानं शिकवलं असन. त्याचे हात तर काय, खिया, हातोडी, गप्पा, सारं एकाच टाइमले चालू. कोनीतरी काही सांगतलं अन् सारे हासले. मले वाटलं, धावत जाव अन् मधात बसाव.

मी समोर जाऊन उभा रायलो. छातीवर पंजा ठेवला. देवमन. मंग मिशीले पीळ देला. मी, जानराव. मंग कानाले बोट लावलं अन् हात हालवला. गेले, दोन्हीही.

त्यानं मले ओयखलं. बराच टाइम पायलं. हातोडी खाली ठेवली, हाताची धूय झटकली, उठून उभा रायला. मले वाटलं, आता बोलन. माहे डोये भरून आले.

त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले अन् बांधले.

मी अजून एकदा छातीवर पंजा ठेवला. तो तसाच उभा. बाकीचे चौघंही थांबले होते. आतून मनकर्णा आली, तिचे ओठ हालले, लय टाइम हालले. काय बोलली ते मले समजलं नाई, अन् कोनी बोटावर सांगतलं नाई.